जंजिरा, खोकरी आणि मुरूड : हबसाणच्या विरासतीची एक ओळख

दोन वर्षांपूर्वी नववीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला निघालो होतो. होडीतला माणूस ठरलेली माहिती ठरलेल्या सुरात सांगत होता. अर्ध्या वाटेवर एका मुलीने हळूच विचारलं, "टीचर, हा किल्ला आपला की त्यांचा?" त्या वेळी मी तिला "आपल्या सगळ्यांचा" असं म्हणून गप्प केलं. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. "आपल्या सगळ्यांचा" म्हणजे कसा, हे सांगायला हवं होतं आणि त्यासाठी मलाच नीट वाचून काढायला हवं होतं. हा लेख त्या वाचनातून झाला आहे. घरातल्या मुलांना सहलीआधी किंवा सुट्टीत वाचून दाखवता यावा, अशा बेताने लिहिला आहे.

कुठे आहे आणि नावाचा अर्थ काय

रायगड जिल्ह्यात मुरूड नावाचं गाव समुद्राला लागून आहे. मुंबईहून रस्त्याने साधारण १६५ किलोमीटर. मुरूडच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर राजपुरी. इथेच राजपुरीची खाडी समुद्राला मिळते आणि खाडीच्या तोंडाशी एका खडकावर जंजिरा उभा आहे.

उर्दू जाणणाऱ्याला नाव लगेच कळतं. अरबीत बेटाला "जझीरा" म्हणतात, त्याचंच मराठीत "जंजिरा" झालं. पुढे मराठीत हा शब्द इतका रुळला की पाण्यातल्या कुठल्याही किल्ल्याला जंजिरा म्हणू लागले. जुन्या कागदपत्रांत या भागाला "दंडाराजपुरी" म्हटलेलं आढळतं आणि सिद्दींच्या मुलखाला "हबसाण". हबसाण म्हणजे हबशी लोकांचा मुलूख. आजचे मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे तालुके साधारण त्यात येतात.

आधी मेढेकोट होता

सिद्दी येण्यापूर्वी या खडकावर कोळी बांधव होते. समुद्री लुटारूंपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी लाकडाचे मोठे ओंडके उभे रोवून कोट केला होता. अशा ओंडक्यांना मेढे म्हणतात, म्हणून तो मेढेकोट. त्यांचा प्रमुख राम पाटील.

पंधराव्या शतकाच्या शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीला हा खडक आपल्याकडे हवा होता. परंपरेने सांगितलेली गोष्ट अशी, की पिरमखान नावाचा सरदार व्यापारी बनून आला, राम पाटलाशी दोस्ती केली, आणि दारूच्या पिंपांतून सैनिक आत नेऊन कोट ताब्यात घेतला. गोष्टीत मीठ-मसाला किती ते सोडून द्या, पण दोन बाबी पक्क्या आहेत. पहिली वस्ती कोळ्यांची होती, आणि किल्ला निजामशाहीकडे गेला. दगडी कोटाची सुरुवात १५६७ ते १५७१ या काळात बुरहानखानाने केली असं मानलं जातं. आज दिसणारी तटबंदी मात्र एका माणसाची किंवा एका पिढीची नाही. पुढच्या सिद्दी अधिकाऱ्यांनी ती वाढवत नेली.

सिद्दी कोण होते

पूर्व आफ्रिकेच्या हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपिया आणि आसपासच्या प्रदेशातून, शेकडो वर्षं माणसं हिंदुस्तानात आणली जात होती. बरेच जण गुलाम म्हणून विकले गेले, काही खलाशी म्हणून तर काही शिपाई म्हणून आले. दख्खनच्या सुलतानांच्या फौजेत त्यांना बढती मिळू शकत होती. त्यातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे मलिक अंबर. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा पेशवा झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत त्याने मोगलांना झुंजवलं.

जंजिऱ्याचे सिद्दी याच परंपरेतले. किल्ला त्यांच्याकडे निजामशाहीचे अधिकारी म्हणून आला. १६३६ मध्ये निजामशाही संपल्यावर कोकणचा हा भाग विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला, तेव्हा ते विजापूरचे सरदार झाले. १६७० च्या सुमारास सिद्दी फतेहखान छत्रपती शिवाजी महाराजांशी समझोता करून किल्ला द्यायला तयार झाला होता. त्याच्याच हाताखालच्या सिद्दी संबळ, सिद्दी कासम आणि सिद्दी खैरियत या तिघांनी त्याला कैद केलं आणि मोगलांची चाकरी पत्करली. तेव्हापासून जंजिऱ्याच्या आरमाराला औरंगजेबाचा आधार आणि सुरतेच्या महसुलातून पैसा मिळू लागला. मोगलांकडून "याकूतखान" हा किताबही मिळाला.

मुलांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगते. बराच काळ जंजिऱ्याची गादी बापाकडून मुलाकडे जात नव्हती. सरदारांमधला कर्तबगार माणूस पुढे येई आणि त्याला वजीर म्हणत. वारसाहक्क आणि "नवाब" हा किताब नंतरच्या काळातला.

वेढे, आरमार आणि "अजिंक्य" हा शब्द

किल्ल्यावर गेलं की "अजिंक्य" हा शब्द दहा वेळा कानावर पडतो. लढून जंजिरा कोणाला घेता आला नाही, हे खरं आहे. पण त्यामागची कारणं सांगितली तरच त्या शब्दाला अर्थ आहे.

शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर १६५७ पासून अनेक मोहिमा पाठवल्या. समोर आपलंही ठाणं असावं म्हणून मुरूडसमोरच्या कांसा बेटावर त्यांनी पद्मदुर्ग बांधायला घेतला. त्याला कांसा किल्लाही म्हणतात. १६७६ मध्ये मोरोपंत पेशव्यांच्या मोहिमेत लाय पाटील या सोनकोळ्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मदतीची फौज वेळेवर पोहोचली नाही, उजाडू लागलं, आणि त्याला परत फिरावं लागलं. महाराजांनी त्याच्या धाडसाची कदर करून त्याला "पालखी" नावाचं गलबत दिलं, असं सांगितलं जातं.

छत्रपती संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीच्या किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगड टाकून समुद्र बुजवायला घेतला. काम चालू असतानाच मोगल फौज कोकणात उतरली आणि त्यांना तिकडे वळावं लागलं.

सिद्दीही नुसते तटाआड बसून नव्हते. महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा सिद्दी कासमने शेजारच्या उंदेरी बेटावर ठाण मांडून तिथे तट उभा केला. (यातला खांदेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.) १६८९ मध्ये याच सिद्दी कासमने, म्हणजे याकूतखानाने, मुंबई बेटावर उतरून माझगाव, शीव वगैरे भाग घेतला आणि इंग्रजांना कोटात कोंडलं. औरंगजेबाकडे माफी मागून आणि दंड भरून इंग्रजांची सुटका झाली.

मग किल्ला टिकला कसा? पहिलं कारण पाणी. चहूकडे खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. दुसरं कारण जागा. तट थेट खडकावर उभे असल्याने वेढा घालणाऱ्याला पाय ठेवायला जमीनच मिळत नव्हती. तिसरं, तोफा आणि आरमार. चौथं, बाहेरून येणारी मोगलांची मदत. आणि पाचवं, पावसाळा. जूनमध्ये समुद्र खवळला की वेढा आपोआप ढिला पडे. यातलं एकही कारण चमत्काराचं नाही. समुद्र जाणणारी माणसं दोन्ही बाजूंना होती.

न टाळता सांगायच्या गोष्टी

आपल्याकडे कधी कधी जंजिऱ्याची गोष्ट फक्त अभिमानाची करून सांगतात. दुसरीकडे कोणी ती फक्त जुलमाची करून सांगतो. मुलांना दोन्ही अर्धवट गोष्टी नकोत.

सिद्दींच्या स्वाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या रयतेला त्रास झाला, हे कागदपत्रांत आहे. पेशवे घराण्याचे बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे. सिद्दींशी बिनसल्यामुळेच त्यांना गाव सोडून घाटावर जावं लागलं. १७२७ मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटलं. हे चुकीचंच होतं, आणि ते चूक म्हणायला आपल्याला अडचण वाटू नये. पुढे १७३३ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मोहिमेत सिद्दींच्या ताब्यात गेलेला रायगड मराठ्यांनी परत घेतला आणि १७३६ मध्ये चिमाजी अप्पांबरोबरच्या लढाईत सिद्दी सात मारला गेला.

याच राज्यात बहुसंख्य रयत हिंदू होती. कोळी, आगरी, कुणबी, ब्राह्मण आणि कोकणी मुसलमान एकाच किनाऱ्यावर राहत होते. सिद्दी सात झाला तो इतिहास, आणि शेजारी-शेजारी नांदलेली ही गावं हाही इतिहासच. ज्यांनी तट बांधले, ज्यांनी तटावर शिड्या लावल्या आणि ज्यांनी दोन्हीकडे मासळी पुरवली, त्या सर्वांचे वंशज आज याच गावांत आहेत.

किल्ल्यात काय पाहायचं

मुख्य दरवाजा राजपुरीच्या बाजूला, पूर्वेकडे आहे. दोन बुरुजांच्या आड तो असा लपवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. दरवाज्याच्या भिंतीवर वाघासारख्या प्राण्याने हत्तींना पंजात धरल्याचं शिल्प आहे.

आत शिरल्यावर जवळच पीर पंचायतन आहे. इथे मुलांना आवाज कमी करायला सांगावा, चपला काढाव्यात. पुढे तटावर चढलं की तोफा दिसतात. कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम ही तीन नावं मुलांच्या तोंडी लगेच बसतात. तटाची उंची साधारण ४० फूट आणि आतली जागा सुमारे २२ एकर सांगतात. बुरुजांचा आकडा मात्र कुठे १९, कुठे २२ तर कुठे २६ असा आढळतो. आमच्या मुलांना मी स्वतः मोजायला लावलं. चार गटांची चार उत्तरं आली. कशाला बुरूज म्हणायचं यावर होडी लागेपर्यंत वाद चालला होता, आणि त्या दिवसाचा तोच सर्वांत चांगला तास झाला.

मध्यभागी सुरूलखानाच्या वाड्याचे अवशेष आहेत. छपरं गेलीत, मजल्यांच्या भिंती आणि कमानी उभ्या आहेत. त्याशिवाय मशीद, गोड्या पाण्याचे तलाव, घरांची जोती आणि फारसी शिलालेखही आहेत. पश्चिमेला समुद्राकडे उघडणारा लहान दर्या दरवाजा आहे. वेळ आली तर निसटायची ती वाट होती.

जोत्यांकडे जरा थांबून बघा. किल्ल्यात तीन मोहल्ले होते. दोन मुसलमानांचे, एक इतरांचा. इथे लग्नं झाली, मय्यती झाल्या, मदरशात मुलं सबक म्हणाली. संस्थान गेलं, रोजगार गेला आणि मग एकेक घर किनाऱ्यावर आलं. आज रात्री किल्ल्यात कोणी राहत नाही.

समोरचा पद्मदुर्ग पाहायचा असेल तर होडी आधी ठरवावी लागते. कमळाच्या पाकळ्यांसारखा त्याचा बुरूज प्रसिद्ध आहे. तिथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी तटाचे दगड झिजून आत गेलेत, पण दोन दगडांमधला चुना तसाच पुढे उभा आहे. दगडापेक्षा चुना जास्त टिकला! ज्या गवंड्यांनी तो मळला त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

खोकरीचे घुमट

जंजिऱ्याला येणाऱ्या दहापैकी नऊ जण खोकरीला जात नाहीत. राजपुरीहून हे गाव अगदी जवळ, आगरदांड्याच्या बाजूला आहे. इथे दगडात बांधलेले तीन मकबरे आहेत, गावात त्यांना "घुमट" म्हणतात. सर्वांत मोठा सिद्दी सुरूलखानाचा. त्याची कारकीर्द साधारण १७०८ ते १७३४, आणि मकबरा त्याने हयातीतच बांधून घेतला असं सांगितलं जातं. बाकीचे दोन सिद्दी कासम याकूतखान आणि सिद्दी खैरियतखान या भावांचे. खैरियतखानाचं निधन १६९६ मध्ये आणि याकूतखानाचं १७०७ च्या सुमारास झालं.

जाळीदार खिडक्या, कमानी, कोरीव महिरपी आणि अरबी लेख इथे शांतपणे बघता येतात. ज्या याकूतखानाने मुंबईत इंग्रजांना कोंडलं होतं तो इथे, एका लहान गावाच्या कडेला, झाडांच्या सावलीत विसावला आहे. संस्थानी काळात या मकबऱ्यांच्या देखभालीसाठी आणि कुराणख्वानीसाठी गावांचं उत्पन्न लावून दिलेलं होतं. संस्थान गेल्यावर तीही व्यवस्था गेली.

मुरूड : नवाबांचं गाव

लढायांचा काळ संपल्यावर कारभार किल्ल्यातून मुरूडला आला. मुरूडजवळच्या टेकडीवर दिसणारा राजवाडा १८८५ च्या सुमाराचा. ती खासगी मालमत्ता आहे, त्यामुळे रस्त्यावरून पाहावा, फाटकाशी हुज्जत घालू नये.

नवाब सर सिद्दी अहमदखान यांची कारकीर्द १८७९ ते १९२२ अशी दीर्घ होती. गारंबीच्या डोंगरातून मुरूडला पाणी आणण्याचं काम नवाबी काळातलंच. मुरूडमधल्या सर एस. ए. हायस्कूलच्या नावातला "एस. ए." म्हणजे सिद्दी अहमद. नवाबांचं शिकारीचं राखीव जंगल म्हणजे आजचं फणसाड अभयारण्य, जे १९८६ मध्ये जाहीर झालं. शिकारीसाठी राखलेलं रान शेवटी जनावरांच्याच कामी आलं, ही अल्लाहची मेहरबानी.

मुलींना आवर्जून सांगावी अशीही एक बाब आहे. सिद्दी अहमदखान यांच्या बेगम नाझली या मुंबईच्या फैजी घराण्यातल्या, अतिया फैजी यांची बहीण. १९०८ मध्ये नवाबांबरोबर त्या युरोपला गेल्या आणि परत आल्यावर "सैर-ए-युरोप" हे प्रवासवर्णन त्यांनी उर्दूत लिहिलं. मुसलमान स्त्रीने लिहिलेल्या सुरुवातीच्या उर्दू सफरनाम्यांत त्याची गणना होते. पुढे नवाब सिद्दी अहमदखान वारले तेव्हा वारस लहान होता, म्हणून १९२२ ते १९३३ पर्यंत त्याची आई कुलसूम बेगम यांनी राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. म्हणजे अकरा वर्षं या राज्याची सूत्रं एका स्त्रीच्या हाती होती. आमच्या वर्गातल्या एकाही मुलीला हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

काय हातचं चाललंय

किल्ला संरक्षित स्मारक आहे, पण संरक्षण कागदावर असतं आणि लाटा रोज येतात. तटाच्या फटींत वड-पिंपळाची मुळं शिरली आहेत. तलावात प्लास्टिक तरंगतं. वाड्याच्या भिंतीवर कोणी खिळ्याने नावं कोरली आहेत, आणि त्यात आपल्या समाजातल्या पोरांची नावंही मी वाचली. लाज वाटली.

त्याहून लवकर जाणारी गोष्ट म्हणजे आठवण. किल्ल्यात राहिलेल्या घरांतली म्हातारी माणसं आज मुरूड, राजपुरी, मुंबई, काही आखातातही आहेत. कोणत्या मोहल्ल्यात कोणाचं घर होतं, ईदची नमाज कुठे व्हायची, पावसाळ्यात किनाऱ्याशी संबंध तुटल्यावर धान्य कसं पुरवायचे, हे त्यांनाच माहीत आहे. ती गेली की जोत्याचे दगड तेवढे उरतील. म्हणून एक विनंती आहे. घरात अशी नानी, दादी, चाचा असतील तर मोबाईलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. पंधरा मिनिटं पुरेत. जुने फोटो, निकाहनामे, उर्दू-मोडी कागद रद्दीत देऊ नका. उर्दू वाचता येणारे आता कमी होत चाललेत आणि मोडी वाचणारे तर त्याहून कमी.

जाणार असाल तर

• ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात होड्या बंद असतात.
• राजपुरी धक्क्यावरून शिडाच्या होड्या मिळतात. शुक्रवारी जुम्म्याच्या वेळी त्या थांबतात, तसा वेळ धरून निघा.
• होडीतून दरवाज्याच्या पायऱ्यांवर उतरताना लाटेमुळे तोल जातो. लहान मुलांचा आणि वयस्कर मंडळींचा हात धरा.
• पाणी आणि टोपी सोबत घ्या. तलावाच्या काठाला मुलांना सोडू नका.
• परतताना खोकरीला एक तास द्या, फातिहा पढा.

त्या मुलीला आता मी पुरं उत्तर देऊ शकेन. बेटावर पहिला कोट कोळ्यांचा होता. दगडी तट आफ्रिकेहून आलेल्या माणसांनी वाढवला, त्यासाठी चुना इथल्याच हातांनी मळला. तो घेण्यासाठी मराठे जिवावर उदार होऊन लढले, आणि त्यांच्या बाजूने शिडी लावणाराही कोळीच होता. शेवटच्या काळात त्याच राज्याचा कारभार एका आईने सांभाळला. यातलं एकही पान फाडलं तर गोष्ट पुरी होत नाही. पुढच्या सहलीच्या आधी हे सगळं मी वर्गात सांगणार आहे, इन्शाअल्लाह. आणि बुरूज पुन्हा मोजायला लावणार आहे.